आमचा कूलर आधी कॉम्प्युटरमध्ये चालतो

आमच्या कामाचं एक आहे. कॉम्प्युटरला एकदा गणित घालून दिलं की ते सुटायला कधी सहा तास लागतात, कधी दोन दिवस. तेवढा वेळ माणसाने करायचं काय? पडद्यावर एक आकडा हळूहळू खाली येत असतो, तो किती वेळ बघत बसणार? मग चहा होतो. कुणीतरी दारात डोकावतं, काहीतरी विचारतं, आपण काहीतरी उत्तर देतो, आणि त्यातून एक तर भांडण होतं नाहीतर किस्सा. गेल्या वर्षभरात आमच्या खोलीत जेवढी गणितं सुटली, त्याच्या तिप्पट किस्से झाले असतील. सगळे सांगण्यासारखे नाहीत. जे आहेत ते सांगते.

आधी आमच्याविषयी थोडं. मी मृणाल, मूळची सांगलीची. वडील बँकेत होते, बदली होऊन जयपूरला आले तेव्हा मी सहावीत होते. ते रिटायर झाले तरी आम्ही जवाहर नगरातच राहिलो, कारण तोवर आईची भाजीवाल्याशी मैत्री झाली होती. इंजिनिअरिंग मी इथेच, जगतपुऱ्यात केलं आणि आता शहराबाहेर एका कूलरच्या कारखान्यात नोकरी करते. कूलर म्हणजे आपला तो पाण्याचा, गवताच्या पॅडचा, मे महिन्यात इथल्या घराघरांत घरघरणारा.

माझं काम सिम्युलेशनचं. मतलब, कूलर बनवायच्या आधी तो कॉम्प्युटरमध्ये बनवायचा, तिथेच चालवायचा, तिथेच मोडायचा, आणि मगच लोखंडाला हात लावायचा. हे ‘मतलब’ माझ्या मराठीत कायमचं घुसलंय, आई अजून चिडते. कारखान्यात सगळे हिंदीत बोलतात, पण मी तुम्हाला मराठीतच सांगणार आहे.

* * *

आमच्या मालकांना सगळे भाईसाब म्हणतात. त्यांचे सख्खे काकासुद्धा. भाईसाब एकदा दिल्लीला प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी पडद्यावर एक मोटार भिंतीवर आपटताना पाहिली. मोटारीचा पार चुराडा झाला, आणि खरी मोटार एकही फुटली नाही. ते भाईसाबांच्या मनात भरलं.

त्याला कारण होतं. कूलरची खालची टाकी प्लास्टिकची असते. तिच्यासाठी पोलादाचा साचा बनवायचा आणि त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचं. साचा चुकला की तो पुन्हा कापायचा, पुन्हा ट्रायल घ्यायची, पुन्हा कापायचा. आमच्याकडे दर नव्या मॉडेलला हे तीन-तीनदा व्हायचं. तोवर होळी निघून जायची, आणि होळीनंतर दुकानदार दुसऱ्यांचे कूलर भरून मोकळे झालेले असायचे.

मला कामावर घेतलं त्या दिवशी भाईसाब म्हणाले, “मॅडम, एक सीझन देतो. नव्या मॉडेलची टाकी पहिल्याच साच्यातून, होळीच्या आधी, बरोबर निघाली पाहिजे. निघाली तर ही खोली तुमची. नाही निघाली तर पॅड परत इथे.”

कारण ती खोली मुळात पॅडचं गोडाऊन होती. आमच्यासाठी ती रिकामी केली आणि गवताचे सगळे गठ्ठे दाराबाहेर, पॅसेजमध्ये, छतापर्यंत रचून ठेवले. चार दिवस झाले, आठ दिवस झाले, गठ्ठे तिथेच. मी स्टोअरवाल्याला म्हटलं, “भैया, हे मागच्या शेडमध्ये का नाही नेत?”

तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “परत आणायला लांब पडेल, मॅडम.”

माझ्या हाताखाली विनीत होता. अलवरचा, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा दुप्पट घाबरट. हे ऐकल्यावर त्याने महिनाभर आपला डबासुद्धा टेबलावर ठेवला नाही, सगळं बॅगेतच. मी मात्र हट्टी आहे. मी स्टोअरवाल्याकडूनच हातोडी मागून घेतली, भिंतीला खिळा ठोकला आणि पुढच्या होळीपर्यंतचं कॅलेंडर लावलं. आमच्या खोलीचं उद्घाटन ते एवढंच.

* * *

पहिलं मोठं गणित लावलं ते पंख्याच्या हवेचं. दोन दिवस चालणार होतं. संध्याकाळी सहाला आम्ही घरी गेलो, सकाळी येऊन बघतो तर कॉम्प्युटर बंद आणि गणित पहिल्यापासून.

झालं असं की, आमचे चौकीदार रामसहायजी सहा वाजता ऑफिसच्या बाजूचं मेन स्विच पाडतात. फार वर्षांपूर्वी तिथे कधीतरी आग लागली होती, तेव्हापासूनचा नियम. मी त्यांना समजावलं. ते “बिलकुल, बिलकुल” म्हणाले, आणि संध्याकाळी पुन्हा स्विच पाडलं. मी कागद चिकटवला, ‘कृपया बंद करू नये.’ त्यांनी कागद पूर्ण वाचला, मान डोलवली आणि स्विच पाडलं. वर्षानुवर्षांची सवय होती हो त्या हाताला, मेंदूला विचारतोय कोण?

तिसऱ्यांदा गणित बुडालं तेव्हा मला रडायचंच बाकी होतं.  दुसऱ्या दिवशी येताना विनीतने घरून कुंकू आणि पूजेचा लाल धागा आणला. स्विचवर स्वस्तिक काढलं, दांडीला धाग्याचे पाच वेढे दिले आणि समोर एक उदबत्ती लावली.

संध्याकाळी रामसहायजी आले, स्विचकडे हात नेला, थबकले. मग त्याच हाताने नमस्कार केला आणि निघून गेले.

गणित दोन दिवसांत सुटलं. मी विनीतला म्हटलं, तुला उगाच घाबरट म्हणत होते. पुढच्या आठवड्यात कॅन्टीनच्या पंख्याच्या बटणालाही लाल धागा बांधलेला दिसला.

* * *

त्या गणिताचं उत्तर बघून विनीत नाचायचाच बाकी होता. आमच्या कूलरमधून, कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे, हिल स्टेशनसारखी हवा येत होती. मी घरी येऊन जेवताना आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

आईने ताटात पोळी वाढली आणि विचारलं, “आणि बाहेर किती होतं?”

“बाहेर म्हणजे?”

“अगं, म्हणजे कूलर लावला तेव्हा खोलीबाहेर गरम किती होतं?”

मी हात धुतले, लॅपटॉप उघडला. बाहेर वीस डिग्री होतं! हे सॉफ्टवेअर कुठल्यातरी थंड देशात बनलेलं. आपण काही सांगितलं नाही तर ते धरून चालतं की बाहेर सगळं छानच आहे. आणि आम्ही दोघं शहाणे, त्याला मे महिना सांगायचाच विसरलो होतो.

“वीस डिग्रीत कूलर कशाला लावायचा गं?” आई म्हणाली. “शाल घ्यायची.”

मग ठरवलं की आता अंदाज नको, खरे आकडे घ्यायचे. आमच्या जवाहर नगरच्या गच्चीवर तापमान मोजायचं यंत्र लावलं आणि तीन दिवस भर दुपारी विनीतला तिथे उभं केलं. लूचा गरम वारा वाहतोय, डोळ्यांत धूळ जातेय, विनीत तोंडाला गमछा बांधून आकडे लिहितोय. दोन दिवस आकडे एकसारखे आले. तिसऱ्या दिवशी एकदम खाली. मला वाटलं यंत्र बिघडलं. गच्चीवर जाऊन बघते तर आईने यंत्राच्या डोक्यावर तिची काळी छत्री सुतळीने बांधून ठेवलेली.

“बिचाऱ्याला किती ऊन लागत होतं,” आई म्हणाली. बिचारा म्हणजे विनीत की यंत्र, ते तिने सांगितलं नाही.

मी आधी वैतागले. पण मग लक्षात आलं, आमच्या शेजारच्या राजा पार्कात निम्म्या खिडक्यांतल्या कूलरवर लोकांनी पत्र्याचं छपर केलेलं असतंच की. तेव्हापासून प्रत्येक गणित आम्ही दोनदा लावतो, एकदा उन्हात आणि एकदा सावलीत. दुसऱ्या फाइलचं नाव विनीतने ठेवलंय ‘आंटीजी की छतरी’, आणि ऑफिसच्या कागदपत्रांतही आता तेच चालतं.

* * *

पंख्याच्या पात्यांवर आम्ही फार घाम गाळला. पात्यांचा बाक थोडा थोडा बदलून चाळीसएक नमुने कॉम्प्युटरमध्ये फिरवले, आणि शेवटी असं एक पातं सापडलं की हवा तेवढीच आणि आवाज जवळजवळ नाही. नमुना बनवला, जुन्या कूलरला बसवला आणि भाईसाबांच्या घरी त्यांच्या आईकडे पाठवला. त्यांना सगळे मांसा म्हणतात. आमच्याकडे कुठलाही कूलर मांसा पास करतात. दुपारी त्यांच्या खाटेसमोर तो लावायचा, त्यांना झोप लागली तर पास.

कूलर दुसऱ्या दिवशी परत आला. निरोप होता, ‘बंद पडला.’ आम्ही लावून बघितला, छान चालू. पुन्हा पाठवला. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मी स्वतः घेऊन गेले.

मांसा खाटेवर पडल्या होत्या. मी कूलर लावला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “बेटा, आता चालू कर.”

“चालूच आहे, मांसा.”

त्यांनी हात पुढे करून हवा बघितली. “हवा येतेय खरी. पण झोप कशी येणार? चालू आहे की बंद, ते दर थोड्या वेळाने उठून बघावं लागतं.”

भाईसाबांनी हुकूम सोडला, “मॅडम, थोडा आवाज परत घाला.” मी म्हटलं, भाईसाब, आवाज कमी करायला मला दोन महिने लागलेत. ते म्हणाले, मग वाढवायला कमी लागतील. आणि आम्ही दोघं इंजिनिअर पंधरा दिवस कूलरचा आवाज वाढवायची गणितं करत बसलो! विनीतने वहीत वर ‘उद्दिष्ट’ लिहून पुढे लिहिलं, ‘मांसा’.

शेवटचा नमुना त्यांनी पास केला. शेरा आला, ‘ठीक आहे, पण जुना जास्त मनापासून चालायचा.’

* * *

आता भंवरलालजींचं सांगायला हवं. भंवरलालजी आमच्या टूलरूमचे मुख्य. साचे बनवणारे. बत्तीस वर्षं त्यांनी याच कारखान्यात पोलाद कापलं, आणि येत्या एप्रिलमध्ये रिटायर होणार होते. पांढऱ्या मिशा, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. पोलादावरून अंगठ्याचं नख फिरवून सांगतात की इथे अजून घासायला हवं. मला ‘बाईसा’ म्हणतात. इकडे घरच्या लेकीला तसं म्हणतात. संबोधन एवढं गोड आणि माणूस असा की, एकदा नाही म्हणाला की भाईसाबांचंही ऐकणार नाही.

आमच्या खोलीत ते कधी यायचे नाहीत. गठ्ठ्यांच्या पलीकडून बोलायचे. एके दिवशी मात्र स्वतःहून आत आले. पडद्यावर टाकी भरत होती. मतलब, साच्यात प्लास्टिक कसं पसरतं ते रंगांत दिसत होतं. त्यांनी चष्मा लावून ते बघितलं. म्हणाले, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं. मी मनातल्या मनात म्हटलं, मृणाल, जिंकलीस.

“बाईसा,” त्यांनी विचारलं, “हे प्लास्टिक कुठल्या पोत्यातलं?”

“पोत्यातलं नाही. प्लास्टिक बनवणाऱ्या कंपनीने त्याची सगळी माहिती दिलेली असते, ती घातलीय.”

“या माझ्याबरोबर.”

मशीनजवळ दोन पोती होती. एकात प्लास्टिकचा नवा दाणा. दुसऱ्यात जुन्या, बाद झालेल्या टाक्या दळून केलेला चुरा. माझ्यासमोर ऑपरेटरने नव्या दाण्याच्या चार बादल्या ओतल्या आणि चुऱ्याची एक. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. चुरा मिसळला की प्लास्टिक वाहतं वेगळं, थंड होतं वेगळं. म्हणजे तीन आठवडे आम्ही कॉम्प्युटरमध्ये जे प्लास्टिक ओतत होतो, ते आमच्या कारखान्यात नव्हतंच.

विनीत तिथेच पोत्यावर बसला. मला राग आला, आणि तो मी नको त्या माणसावर काढला. “भंवरलालजी, हे आधी नाही का सांगायचं?”

“तुम्ही विचारलं नाहीत, बाईसा. तुम्ही सगळं कॉम्प्युटरलाच विचारत होतात.”

मला फार लागलं ते. लागलं, कारण खरं होतं. रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या, सकाळी त्या मिश्रणाची पिशवी भरून तपासायला पाठवली आणि माहिती आल्यावर सगळी गणितं पहिल्यापासून लावली. आणि ठरवलं की यापुढे रोज सकाळचा पहिला तास मशीनपाशी वही घेऊन उभं राहायचं, काहीही होवो.

पहिल्या आठवड्यात ऑपरेटरांना वाटलं, मी त्यांची हजेरी घ्यायला उभी राहते. सगळे वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर. महिन्याच्या मीटिंगमध्ये भाईसाब म्हणाले, “मानलं तुमच्या सिम्युलेशनला. लोक वेळेवर यायला लागले!”

* * *

दिवाळीनंतर दुकानदारांची मीटिंग असते. भाईसाबांना त्यांना आमचं चित्र दाखवायचं होतं, कूलरमधून हवा कशी खोलीभर जाते ते. चित्रात जोराची हवा लाल आणि संथ हवा निळी. सगळीकडे असंच असतं.

भाईसाबांनी चित्र बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. “माझ्या कूलरमधून लाल हवा?”

मी समजावलं की लाल म्हणजे गरम नाही, लाल म्हणजे वेगवान.

“मला समजलं,” ते म्हणाले. “दुकानदाराला समजावायला तुम्ही त्याच्या दुकानात बसणार का?”

मी आठवडाभर ऐकलं नाही. रंग म्हणजे रंगपंचमी नाही, त्याला काही अर्थ असतो, असं बरंच काही बोलले. भाईसाब सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “तुमचं बरोबर आहे. निळा करा.” शेवटी केला. सगळं चित्र निळं, जोराची हवा गडद, संथ हवा फिकट. पडद्यावर भलंमोठं लावलं.

सीकरचे एक वयस्कर दुकानदार खुर्चीतून उठून चित्राजवळ गेले, खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “भाईसाब, बाकी सगळं पसंत आहे. पण पाणी इतकं लांब उडतं का?”

* * *

जानेवारीत टाकीच्या साच्यावर गाडी अडली.

नव्या टाकीचे पाय आम्ही बारीक केले होते, त्यांत चाकं बसायची. साच्यात प्लास्टिक दोन बाजूंनी येतं आणि कुठेतरी एकमेकांना भेटतं. भेटेपर्यंत ते थोडं निवलेलं असतं, त्यामुळे तिथला जोड कच्चा राहतो. हा जोड कुठेतरी येणारच, पण तो कुठे येतो याला महत्त्व आहे. आमचं गणित सांगत होतं, तो बरोबर चाकाच्या भोकावर येतोय. चारही पायांत. उपाय होता. पायाजवळ साच्याचा आकार थोडा बदलला की प्लास्टिक लवकर पुढे जाईल आणि जोड बाजूला सरकेल. साच्यात पायांचे चार ठोकळे वेगळेच असतात, त्यांना इन्सर्ट म्हणतात. फक्त ते चार बदलायचे होते.

भंवरलालजी नाही म्हणाले. “बत्तीस वर्षं टाक्या काढतोय. पायात कधी तडा गेला नाही.”

मी म्हटलं, तेव्हाचे पाय जाड होते. ते म्हणाले, पोलादाला मी ओळखतो. मी म्हटलं, प्रश्न पोलादाचा नाही, प्लास्टिकचा आहे. आवाज चढले. विनीत उठून दार लावून आला. भाईसाबांनी आम्हाला समोरासमोर बसवलं, दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “टूलरूम भंवरलालजींची आहे. साचा ते सांगतील तसा.”

मी गप्प बसले नाही. इन्सर्टचं ड्रॉइंग काढलं, माप न् माप तपासलं आणि स्वतः टूलरूममध्ये जाऊन त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, पटलं नाही तरी असू द्या तुमच्याजवळ. त्यांनी न बघता चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं.

होळीला तीन आठवडे असताना पहिली ट्रायल लागली. पहिल्या काही टाक्या सोडून द्यायच्या असतात, मशीन तापेपर्यंत. मग एक निघाली, काय सांगू, आरशासारखी. सगळे टाळ्या वाजवायला लागले. भाईसाबांनी मिठाईचा डबा उघडायला सांगितलं. पण आमच्याकडे शेवटची परीक्षा वेगळी असते. टाकीला चाकं लावायची, काठोकाठ पाणी भरायचं आणि ऑफिसच्या दगडी उंबऱ्यावरून ओढत न्यायची, कारण घरोघरी लोक कूलर व्हरांड्यातून खोलीत असाच ओढतात.

पुढची दोन चाकं उंबऱ्यावरून नीट गेली. मागचं एक गेलं. चौथ्याला कट् असा आवाज झाला आणि सगळं पाणी भाईसाबांच्या बुटांत. दुसरी टाकी आणली. तिलाही त्याच जागी तडा. तिसरीलाही.

माझ्या हातात आमच्या गणिताचा कागद होता. मी ओल्या जमिनीवर गुडघे टेकून तडा आणि कागद जवळ धरले. रेघेवर रेघ, केसाचाही फरक नाही. एवढं बरोबर उत्तर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. “बरोबर आलं!” मी ओरडले, आणि खरंच टाळ्या वाजवल्या.

मागे भाईसाब बूट काढून उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, माझा सीझन चाललाय, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बरोबर येऊन उपयोग काय? नवे चार इन्सर्ट बनवायला महिना. होळी त्याच्या आधी. टाकी पहिल्या साच्यातून निघाली नाही ती नाहीच. वर्षभराचं काम, ती खोली, विनीतची नोकरी, माझी नोकरी, सगळं त्या पाण्यात गेलं होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

भंवरलालजी पुढे आले. खाली बसले, चष्मा लावला आणि तडा गेला होता त्या जागेवरून अंगठा फिरवला. एका पायावर, मग दुसऱ्या टाकीच्या पायावर.  उठून टूलरूममध्ये गेले. विनीत माझ्या कानात म्हणाला, त्यांना फार लागलं असेल.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याचा ट्रे होता आणि ट्रेमध्ये तेलकट फडक्यात गुंडाळलेली चार पुडकी. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि एक एक सोडली. चार इन्सर्ट. आमच्या ड्रॉइंगप्रमाणे. घासूनपुसून, पॉलिश करून, नंबर घालून तयार.

भाईसाबांनी एक उचलून बघितला. “हे कधी केलंत?”

“दुपारच्या सुट्टीत,” भंवरलालजी म्हणाले, आणि मदतनिसांना साचा उघडायला सांगितला.

संध्याकाळपर्यंत जुने चार निघाले, नवे चार बसले. टाकी निघाली. चाकं लावली, पाणी भरलं. या वेळी भाईसाबांनी ती स्वतः ओढली, अनवाणी, उंबऱ्याच्या अलीकडून पलीकडे आणि पलीकडून अलीकडे, अकरा वेळा. एक थेंब सांडला नाही. मग त्यांनी मिठाईचा डबा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “खोली तुमची, मॅडम.”

सगळे पांगल्यावर मी टूलरूममध्ये गेले. भंवरलालजी त्यांचे जुने चार इन्सर्ट त्याच फडक्यांत गुंडाळत होते. आभार कसे मानायचे ते मला सुचेना, म्हणून जे मनात होतं तेच विचारलं.

“भंवरलालजी, आणि माझं गणित चुकलं असतं तर?”

त्यांनी शेवटच्या पुडक्याला गाठ मारली.

“तर तुमचे ते चार मी घरी घेऊन गेलो असतो, बाईसा. तुम्हाला कळलंच नसतं.”